माशांच्या टाकीखालचा संप



मार्च संपत आला की नागपुरात घरोघरी एकच काम निघतं. कूलर खाली उतरवायचा, जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या, तळाचा गाळ खरवडायचा आणि पंप फिरतो की नाही ते बघायचं. कूलरमध्ये असतं तरी काय? खाली पाण्याचा हौद, त्यात बुडालेला एक लहानसा पंप. पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांमधून झिरपत पुन्हा हौदात येतं, पंप ते पुन्हा वर नेतो. एवढं ज्या बाईला ठाऊक आहे, तिला आजचा विषय निम्मा समजलेला आहे. माशांच्या काचेच्या टाकीखाली जो संप बसवतात, त्याची रचना हीच असते.

संप म्हटल्यावर कुणाला एसटीचा संप आठवला असेल, तर तो हा नव्हे! अंगणात नळाचं पाणी साठवायला जमिनीत टाकं असतं, त्यालाही आपण संपच म्हणतो. तिथून पंपानं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो. माशांच्या टाकीचंही तसंच. वर मासे राहतात ती दिसणारी टाकी, खाली स्टँडच्या कप्प्यात दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीतलं पाणी काठाशी आलं की पाइपातून आपोआप खाली उतरतं, खाली गाळलं जातं, आणि पंप ते परत वर नेतो. या पंपाला दुकानदार रिटर्न पंप म्हणतात.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? हौस मुलांची असते हो, पण टाकीची चाकरी कुणाच्या वाट्याला येते ते आपण सगळ्या जाणतो. आम्ही दोघी जावांनी तीन वर्षं टाकीच्या आत लटकवायचा छोटा फिल्टर वापरला. दर चार दिवसांनी स्पंज पिळायचा, हात बुडवायचा, मासे बिचकायचे. संप झाल्यापासून सगळी घाण खालच्या कप्प्यात अडते. वरच्या पाण्याला हात लावावा लागत नाही. शिवाय एकंदर पाणी वाढतं, आणि पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं, सावकाश बिघडतं.

बिघडतं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जिवाणू खडबडीत पृष्ठभागावर वस्ती करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. संप म्हणजे त्यांची चाळ. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडू नयेत.

आता आमची फजिती ऐका. वरची टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. खालचा संप दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सगळं बसवून झालं, पंप सुरू केला, पाण्याचा तो खळखळ आवाज ऐकत आम्ही दोघी कौतुकानं चहा घेत बसलो. संपमध्ये पाणी काठापासून तीन इंच खाली होतं. जागा भरपूर आहे असं वाटलं. दुपारी वारा सुटला आणि लाइट गेली. पंप थांबला. पण वरून पाणी यायचं थांबेना. संप भरला, काठावरून वाहू लागला, फरशीवरून सरकत भिंतीशी गेला. तिथे जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवलेला होता. सासूबाई ओरडल्या, "कुणी हात लावू नका, आधी मेन पाडा!" लाइट परत यायच्या आत मेन पडली म्हणून निभावलं. धाकटा अनवाणी तिथेच खेळत होता.

झालं काय होतं? पंपाकडून वर जाणाऱ्या पाइपाचं तोंड आम्ही पाण्याच्या पातळीखाली तीन इंच बुडवलं होतं, आवाज कमी यावा म्हणून. पंप चालू असेस्तोवर त्यातून पाणी वर येतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा चालतो. कॅनमधून रॉकेल काढताना नळी तोंडानं ओढून सोडली की ते आपोआप वाहत राहायचं, तसंच. तोंड उघडं पडून हवा आत शिरेपर्यंत तो पाणी खाली ओढत राहणार. तीन फूट बाय एक फूट टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण सात लिटर. तीन इंच म्हणजे एकवीस लिटर. खाली संपमध्ये एका इंचात मावतं पावणेपाच लिटरच्या आसपास, म्हणजे तीन इंचांत चौदा. राहिलेले सात लिटर फरशीवर. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता, पण पंप चालू असतानाच टाकी कशी दिसते एवढंच आम्ही पाहिलं होतं. संप मांडायचा तो पंप बंद पडेल त्या घडीचा विचार करून. आणि वादळी वाऱ्यात लाइट जाणं काही आपल्याला नवीन नाही.

उपाय दहा मिनिटांचा निघाला. पंपाच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या खाली जेमतेम अर्धा इंचावर एक बारीक भोक पाडायचं, तीन-चार मिलिमीटरचं. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी टाकीतच सुटतं, काही बिघडत नाही. पंप थांबला की पाणी भोकापर्यंत उतरतं, हवा आत शिरते आणि उलटं वाहणं तुटतं. फार तर इंचभराचं, सात लिटर पाणी खाली येतं, ते संपमध्ये आरामात मावतं. फक्त त्या भोकात शेवाळ धरतं. पंधरा दिवसांनी झाडूची काडी घालून ते मोकळं करायचं. दुकानदार म्हणेल, ताई, त्यापेक्षा एनआरव्ही लावा, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व. लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कूलरच्या ताट्यांवर पांढरे क्षार धरतात ते पाहता ना? तसेच त्या व्हॉल्वच्या पडद्यावर धरतात, एखादी बारीक गोगलगाय अडकते, आणि नेमक्या वेळी तो लागत नाही.

मग संपमध्ये पाणी भरायचं किती? पंप बंद करा. वरचं जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्या. आता संप काठापासून एक इंच खाली येईल इतका भरा. पंप सुरू करा, पातळी खाली जाऊन स्थिरावेल. तिथे बाहेरून नखपॉलिशची रेघ मारा. या रेघेच्या वर पाणी कधीही भरायचं नाही, पाहुणे आले म्हणून नाही नि सणवार आला म्हणूनही नाही.

दुसरी परीक्षा याच्या उलट. खाली उतरणारा पाइप तुंबला तर? पंप बिचारा खालचं पाणी वर टाकतच राहणार. यासाठी संपचे कप्पे असे करायचे की पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपलं की पंपाला ओढायला दुसरं काही उरू नये. आमचा पंपाचा कप्पा आठ इंच लांब, एक फूट रुंद, आणि पंपाच्या तोंडावर पाणी असतं सहा इंच. ते झालं साडेनऊ लिटरच्या आत. वरच्या टाकीत काठापर्यंत दीड इंच मोकळा ठेवला, त्यात दहा लिटरहून थोडं जास्त मावतं. म्हणजे पाइप पूर्ण तुंबला तरी फरशी कोरडी. मासे सोडण्याआधी वरच्या भोकावर ओला पंचा दाबून हे करून पाहा. आम्ही दोनदा पाहिलं, दूध पोळलं की ताकही फुंकूनच पितो माणूस.

आता बांधणीकडे वळू. खाली पाणी उतरायला वरच्या टाकीच्या काचेला भोक पाडावं लागतं. हे घरच्या ड्रिलनं करायचं काम नाही, काचवाल्याकडूनच करून घ्या. टाकी बनवायला देतानाच सांगितलं तर उत्तम. टफन्ड काच असेल तर भोक पाडता येतच नाही, सगळी काच बारीक तुकडे होऊन खाली येते. भोकाभोवती काचेचा किंवा प्लॅस्टिकचा दातेरी कठडा लावतात, कंगव्यासारखा, म्हणजे मासे खाली ओढले जात नाहीत. तरी गप्पींची पिल्लं जातातच. एकदा संप साफ करताना आमच्या हाती सात पिल्लं जिवंत लागली, चांगली गुटगुटीत झालेली. खाली उतरणारा पाइप एक इंची घ्या, वर जाणारा अर्धा इंची. उतरणारा नेहमी मोठाच हवा. दोन्ही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे पीव्हीसीचे.

संपचे कप्पे तीन. पहिल्यात पाणी पडतं तिथे पांढरा फिल्टरचा कापूस किंवा स्पंज, मोठी घाण तिथे अडते. दुसऱ्यात जिवाणूंची वस्ती. यासाठी दुकानात सिरॅमिकच्या कांड्या महाग मिळतात. आम्ही भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या वापरल्या, कोऱ्या, साबण न लागलेल्या. खूप पृष्ठभाग, थोडा पैसा. तारेची घासणी मात्र चालणार नाही, आणि ज्यांत आधीच साबण भरलेला असतो त्याही नाहीत. तिसरा कप्पा पंपाचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यांच्या मधल्या काचा अशा लावतात की पाणी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून आणि तिसरीच्या वरून जाईल. त्यामुळे बुडबुडे तिथेच विरतात, पंपात जात नाहीत. काचा चिकटवायला साधा सिलिकॉन घ्या, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. बाथरूमचा, बुरशी न येणारा सिलिकॉन घेऊ नका, त्यातलं औषध माशांना घातक. चिकटवल्यावर किमान दोन-तीन दिवस वाळू द्या.

पंप घेताना खोक्यावरचा आकडा वाचून फसायला होतं. एक हजार लिटर प्रति तास असं लिहिलेलं असतं, पण ते पाणी उंच न्यायचं नसेल तेव्हाचं. शेजारीच दुसरा आकडा असतो, एच-मॅक्स. तेवढ्या उंचीवर पंपातून थेंबही पडत नाही. आमचं स्टँड अडीच फूट, त्यावर दीड फूट टाकी, म्हणजे चार फूट, सव्वा मीटरच्या जवळ. एच-मॅक्स १.२ मीटरचा पंप आणला असता तर पाइपात पाणी नुसतं उभं राहिलं असतं. ढोबळ हिशेब असा, की तुमच्या उंचीच्या दुप्पट एच-मॅक्सचा पंप घ्या आणि खोक्यावरच्या लिटरांचे निम्मे धरा. आमची टाकी सुमारे सव्वाशे लिटरची. तासाला पाच वेळा पाणी फिरलं की पुरे, म्हणजे सव्वासहाशे लिटर. कूलरचा पंप उन्हाळ्याचे चार महिने चालण्यासाठी बनलेला असतो, बारा महिने चोवीस तास नव्हे. तो इथे लावू नका. बिलाची काळजी असेल तर पंचवीस वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर अठरा युनिट होतात.

विजेबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या येतात, आणि कूलरमध्ये पाणी भरताना आधी स्विच बंद करून पिन काढा असं महावितरण पुन्हा पुन्हा सांगतं. संपमध्येही पाणी आणि वीज शेजारी शेजारी, आणि तोही कपाटात झाकलेला. माशांच्या टाकीचे बरेच पंप दोन पिनांचे असतात, त्यांना अर्थिंग नसतंच. म्हणून घराच्या बोर्डात तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन त्याला ईएलसीबीच म्हणतात. करंट कुठे गळायला लागला की ते डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून बघा. बोर्ड संपच्या वर आणि बाजूला भिंतीवर हवा, जमिनीवर कधीच नाही. पंपाची वायर सरळ बोर्डात घालू नका. तिला बोर्डाच्या खाली एक झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी ठिबकतं, प्लगपर्यंत पोचत नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी सगळे स्विच बंद. एवढा एक नियम घरातल्या लहानांना पाढ्यासारखा पाठ हवा.

आता मे महिना. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि पंचेचाळीसच्या पुढे तर पारा बऱ्याचदा जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पंचवीस अंशांना लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम, पस्तीस अंशांना सातच्या आसपास. संपमध्ये पाणी पडताना हवा मिसळते, तो मोठा आधार. संपच्या पाण्यावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला तर पाणी काही अंशांनी उतरतं, अगदी कूलरच्याच न्यायानं. आणि जुलैत हवा दमट झाली की कूलरसारखाच तोही निकामी. बर्फाच्या बाटल्या टाकायचं पुष्कळजण सुचवतात. एक लिटर बर्फानं आमच्या दीडशे लिटर पाण्याचं तापमान जेमतेम पाऊण अंश उतरतं. टाकायचीच तर बाटली संपमध्ये टाका, माशांच्या अंगावर नको.

पंख्यानं आणि कोरड्या हवेनं पाणी उडतं, आणि इथे एक गंमत आहे. वरच्या टाकीत पातळी आहे तिथेच दिसते, कारण काठावरून जेवढं सांडतं तेवढंच पंप वर देतो. सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. समजा वरच्या टाकीतलं एक सेंटिमीटर पाणी दिवसात उडालं. ते झालं पावणेतीन लिटरच्या वर. पंपाच्या लहान कप्प्यात तेवढ्यानं पातळी साडेचार सेंटिमीटर उतरते. तीन दिवस लग्नाला गेलात तर चौथ्या दिवशी पंप कोरडा घुरघुरत असेल आणि जळेल. म्हणून उन्हाळ्यात रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना संपमध्येही रेघेपर्यंत पाणी घालायचं, आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. कूलरमध्ये असतो तसा बॉलचा व्हॉल्व लावता येतो, पण तो थेट नळाला जोडू नका. अडकला तर घरभर तळं होईल, आणि क्लोरीनचं पाणी सरळ माशांत जाईल. दहा लिटरचा कॅन उंचावर ठेवून त्याला जोडा, आणि रेघेच्या वर तेवढ्यापुरती जागा संपमध्ये ठेवा.

लाइट बराच वेळ गेली तर पहिली गोष्ट, खाद्य बंद. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले की तांब्यानं पाणी घेऊन उंचावरून धार सोडायची, पाच-दहा मिनिटं, पुन्हा अर्ध्या तासानं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, तो घरात असू द्या.

साफसफाई मग थोडीच उरते. पहिल्या कप्प्यातला कापूस दर आठवड्याला धुवायचा किंवा बदलायचा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. घासण्या मात्र नळाखाली धुवायच्या नाहीत, क्लोरीननं जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खंगाळायच्या, आणि एका वेळी निम्म्याच. पंपाचं पातं दोन महिन्यांनी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासायचं.

डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची माणसं कूलर तपासायला घरोघर येतात, तेव्हा संपचं दारही उघडून दाखवा. पाणी फिरतं असलं तरी कोपऱ्यात साचून राहतं, आणि पंप आठवडाभर बंद राहिला तर अंड्यापासून डास तयार व्हायला तेवढे दिवस पुरतात. संपवर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवा. आणि दोन-चार गप्पी मधल्या कप्प्यात राहू द्या. आमच्याकडे त्या सात पिल्लांतली चार अजून तिथेच आहेत.